हिराची काडी आणि दिल्लीची यादी

पाटलांनी काडी मोडायला चक्क नकार दिला, तेव्हा आमच्या आईच्या हातातली पाटी खाली पडली. बांगडे अंगणभर पसरले. ते उचलायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही, इतके आम्ही सगळे हबकलो होतो. कावळे उतरले तेव्हा कुठे मी भानावर आले.

काडीमोड हा शब्द आता नुसता बोलण्यापुरता उरलाय. आमच्या कोळीवाड्यात तेव्हा खरी काडी असायची. माडाच्या झावळीतला हीर, ज्याचे आपण खराटे बांधतो तो, चांगला वाळका बघून घ्यायचा. जमातीचे पंच देवळापुढं बसायचे. नवऱ्यानं एक टोक धरायचं, बायकोनं दुसरं, आणि पाटलांनी मधोमध काडकन मोडायची. मोडली की संपलं. बाईनं आपल्या हातातला तुकडा समुद्रात टाकायचा आणि आईच्या घरी येऊन भात खायचा. तो भात खाल्ला की ती मोकळी, हवं तर दुसऱ्याशी पाट लावायला. शहाण्यासुरत्या लोकांत लग्न म्हणजे साता जन्मांची गाठ. आमच्या वाडवडिलांनी गाठ सोडवायची सोयही करून ठेवली होती. मला त्याचा तेव्हाही अभिमान होता आणि आजही आहे.

ही सोय हवी होती माझ्या थोरल्या बहिणीला. तिला आम्ही बाय म्हणायचो. आमचं गाव थळच्या अलीकडे, आणि तिला दिली होती मांडव्याच्या बाजूला. माणूस दिसायला राजबिंडा, होडीवर वाघ, पण घरात नुसता हुकूम. बायला मूल झालं नाही. चार-पाच वर्षं त्यानं वाट बघितली म्हणे, जसं काही वाट बघण्याचे उपकारच केले. मग पंचावन्न सालचा पावसाळा सरल्यावर एके दिवशी तो एक पोरगी घेऊन दारात उभा राहिला. पोरगी कोवळी, हातात नवा चुडा. बायला म्हणाला, "हिला घरात घे. तू पन राहा, मी काय तुला काढत न्हाय."

बाय राहिली नाही. मासळीची पाटी डोक्यावर घेतली, बाजाराला जाते असं सांगितलं आणि चालत चालत थेट आमच्या दारात आली. पाटी उतरवताना आईला म्हणाली, "माझी काडी मोडून द्या. बाकी मना काय नको."

आम्हाला वाटलं, आठवड्याचं काम. मुलीची चूक नाही, नवऱ्यानं सवत आणलेली, पंच एका दमात हो म्हणतील. बाबा पाटलांकडे गेले, आणि पाटील त्यांच्याबरोबरच आमच्या अंगणात येऊन म्हणाले, "काडी बंद झाली."

"बंद म्हंजे?" बाबांना काही कळेचना. "हीर संपले का काय गावातले?"

"चेष्टा नको. दिल्लीला कायदा झालाय. लगीन मोडायचं तर कोर्टात. पंचांनी मोडलं तर पंच तुरुंगात."

पाटलांचा पुतण्या मुंबईला गोदीत कामाला होता. त्यानं पेपरात वाचून ही बातमी आणली होती. आता तुम्ही म्हणाल, पुतण्या सांगतो आणि एवढा जमातीचा पाटील घाबरतो? त्याचं कारण होतं. दारूबंदी झाली त्या सुमारास देवीच्या नैवेद्याची बाटली पाटलांच्या घरी सापडली होती. देवीला दारू लागते, पिढ्यान्‌पिढ्या लागत आलीय, हे पाटलांनी पोलिसांना सांगून बघितलं. पोलिसांनी देवीला सोडलं आणि पाटलांना नेलं. एक अख्खा दिवस हा माणूस कोठडीत बसून आला. ज्याच्या शब्दावर होड्या पाण्यात जायच्या, तो परत आला तो खाली मान घालून. दुधानं तोंड भाजलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि आमचे पाटील तर त्यानंतर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले होते.

मला मात्र संताप आला होता. दिल्ली! दिल्ली कुठे, आम्ही कुठे! तिथे बसलेल्या कोणी आमचा किनारा बघितला होता? आमच्या बायला ते ओळखत होते? तिचा नवरा तिनं सोडायचा की नाही हे ते ठरवणार? मी मराठी सातवी पास झाले होते, कोळीवाड्यातली तेवढी शिकलेली मुलगी मीच, आणि त्या शिक्षणाचा उपयोग एवढाच झाला की मला जास्त राग आला. बाय खाली बसून मातीला लागलेले बांगडे एकेक करून धुऊ लागली.

त्या वर्षाबद्दल मी फार लिहिणार नाही. बाय अलिबागच्या बाजारात आईच्या शेजारी बसू लागली. बायका विचारायच्या, "काय गं, सुटली का?" ती म्हणायची, "दिल्लीला अडकलीय." सगळ्या हसायच्या आणि तीही हसायची. थळच्या एका तांडेलानं, म्हणजे होडीच्या म्होरक्यानं, तिच्यासाठी विचारणा केली होती. बायको वारलेली, माणूस मवाळ, बोलायला लाजायचा. बायला तो आवडला होता हे मला माहीत आहे, कारण तो बाजारात दिसला की ती उगाच आईवर ओरडायची. पण काडी मोडल्याशिवाय पाट कसा लागणार? त्यानं शिमग्यापर्यंत थांबून बघितलं. वैशाखात त्यानं दुसरीकडे लग्न केलं. त्याला दोष कोण देणार? ती बातमी आली त्या दिवशी बायनं सगळी मासळी विकली, घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

बाबांनी तेव्हा ठरवलं, कोर्ट तर कोर्ट. नारळी पुनव होऊन होड्या पाण्यात गेल्या आणि पहिला बरा जिताडा मिळाला तो त्यांनी विकला नाही. आमच्याकडे मोठ्या माणसाकडे काम असलं की जिताडा न्यायचा हे ठरलेलं. तो फडक्यात गुंडाळून ते मला म्हणाले, "चल. कागद वाचायला लागला तर तू हवीस."

अलिबागचे वकील बाहेरच्या ओसरीवरच बसले होते. जिताडा मागच्या दारानं आत गेला, आणि आम्ही पुढच्या दारानं सगळी हकिकत सांगितली. ते मधूनमधून मान हलवत होते. मग बाबा म्हणाले, "आमची काडी होती साहेब, ती तुमच्या दिल्लीनं बंद केली. आता कोर्टातनं सोडवून द्या."

वकिलांची मान हलायची थांबली.

"कोणी सांगितलं बंद केली?"

"पाटील म्हनले. पेपरात आलंय."

वकील उठले, आतून पुस्तक आणलं, चष्मा लावला आणि बराच वेळ पानं चाळली. त्यांनी बोट ठेवून जे सांगितलं ते असं. नवा कायदा झाला होता, खरं. कोर्टात लग्न मोडायची वाट त्यात होती, तेही खरं. पण त्याच कायद्यात पुढं असंही होतं की ज्या जमातीत लग्न मोडायची जुनी रूढी आहे तिची ती रूढी तशीच राहील, तिला हात लावलेला नाही.

"म्हंजे काडी चालू हाय?" बाबा म्हणाले.

"एक दिवसही बंद झालेली नव्हती."

बाबा ओसरीच्या कडेला बसले. "वरीस गेलं," एवढंच ते म्हणाले. "पोरीचं वरीस गेलं. तो मानूसबी गेला."

मला राहवलं नाही. मी वकिलांना विचारलं, "पण दिल्लीला एवढा अधिकार आहे का? आमची काडी मोडायचा?"

वकील माझ्याकडे बघून हसले. मुलगी प्रश्न विचारते याचीच त्यांना गंमत वाटली असावी. पण त्यांनी नीट समजावलं, हे कबूल करायला हवं. म्हणाले, घटनेत तीन याद्या आहेत. एका यादीतल्या गोष्टींवर कायदा करायचा तो दिल्लीच्या पार्लमेंटनं, दुसरीतल्या गोष्टींवर आपल्या मुंबई सरकारनं, आणि तिसरी यादी दोघांची सामाईक. सामाईक यादीत दोघांचं जुळलं नाही तर दिल्लीचा शब्द वर. लग्न आणि काडीमोड त्या सामाईक यादीत.

सामाईक! आमच्याकडे विहीर सामाईक असते, अंगण सामाईक असतं, आणि सामाईक म्हटलं की भांडण हे लहान पोरालाही ठाऊक असतं. आमचं लग्न तिथे नेऊन ठेवलंय हे ऐकून माझी तर वाचाच बसली.

बाबांना मात्र आता वाचा फुटली होती. "आनि मासळी? मासळी कोनाच्या यादीत?"

"किनाऱ्यालगतची मुंबईच्या. त्यापुढं खोल समुद्रातली दिल्लीच्या."

"समुद्रात रेघ हाय?" बाबा उभेच राहिले. "कुठं हाय? मना तर कंदी लागली न्हाय जाळ्याला!"

"कागदावर आहे."

"आनि दारू?"

"दारू मुंबईच्या यादीत."

बाबांनी हिशोब मांडला. "म्हंजे दारू बंद केली मुंबईनं, आनि बायको ठेवली दिल्लीच्या हाती."

"दुसरी बायको तर बंदच केलीय," वकील म्हणाले. "पहिली चालू आहे."

आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. दुसऱ्या बायकोचं काय? तेव्हा वकिलांना कळलं की कायद्याचा हा भाग आमच्या कोळीवाड्यात पोहोचलाच नव्हता. पुतण्यानं काडीचं सांगितलं होतं, सवतीचं सांगितलं नव्हतं. पेपरात दोन्ही असणार, पण माणसाच्या कानात सोयीचं तेवढंच शिरतं. वकील म्हणाले, पहिली बायको असताना केलेलं दुसरं लग्न हे लग्नच नव्हे. आपल्या मुंबई राज्यात ते आधीपासूनच बंद होतं, आता साऱ्या देशात झालं. ती पोरगी कायद्यानं त्याची कोणी नाही. आणि तक्रार झाली तर त्याला शिक्षा होऊ शकते.

निघताना मी पुन्हा एकदा विचारलं, "दिल्लीच्या मनात असतं तर आमची काडी मोडता आली असती ना त्यांना?"

"आली असती. घटनेनं तेवढा हक्क दिलाय. त्यांनी मोडली नाही, राहू दिली."

येताना वाटभर माझ्या मनात तेच घोळत होतं. एवढ्या मोठ्या सभेत, एवढ्या थोर माणसांत, कोणीतरी उठून म्हणालं असेल का की बाबांनो, खालच्या जातीजमातींत बायकांची एक सोय आहे, ती तेवढी राहू द्या? त्यांनी राहू दिली, आणि इथं आमच्याच माणसांनी आमच्याच मुलीची वाट अडवली, ती का, तर न केलेल्या कायद्याच्या भीतीनं. कप्पाळ आमचं! मला रडूही येईना आणि हसूही येईना.

बाबांनी घरी येऊन पाटलांना बोलावलं आणि सगळं सांगितलं. पाटलांचा चेहरा पांढराफटक पडला. ते बायकडे बघू शकले नाहीत. लगेच मांडव्याला निरोप गेला, पंच बसायचा दिवस ठरला. बायनं स्वतः हीर निवडला. उन्हात ठेवून तो असा कडक केला की बोट लावलं तरी तुटेल.

आता खरी गोष्ट पुढं आहे.

देवळापुढं पंच बसले. बायका माडांखाली उभ्या. बायचा नवरा आला तो नव्या टोपीत, हातात नारळ आणि लुगडं घेऊन, आणि त्याच्या मागं ती पोरगी. तिचं पोट आता दिसत होतं. तिला का आणली ते कळेना. त्यानं नारळ-लुगडं पंचांपुढं ठेवलं आणि हात जोडले.

"मी चुकलो," तो म्हणाला. "मनाबी आता कायदा समजलाय. कायद्यानं माझी बायको हीच. मी हिला मानानं न्यायला आलोय. तिला तिच्या बापाकडं पोचवतो, आजच."

तिला म्हणजे त्या पोरीला. म्हणून आणली होती. परस्पर पोचवायला.

तुरुंगाचं ऐकलं होतं त्यानं, आणि एका दुपारीत एक बाई टाकून दुसरी उचलायला निघाला होता, पाटीतली मासळी बदलून घ्यावी तसा. आणि त्याहून मोठा धक्का मला पंचांचा बसला. कोणी उसळलं नाही. पाटील तर मान डोलवायला लागले. आधी काडी मोडायला कायदा आडवा येतो म्हणाले होते, आता म्हणतात, "पोरी, कायद्यानं तूच बायको. दिल्लीनंच तुला घर परत दिलंय. आता तो तांडेलबी ऱ्हायला न्हाय. जा."

बायकांतूनही आवाज आले, "जा गं जा, माफी मागतोय." माझी आईसुद्धा काही बोलेना. वर्षभर ज्या कायद्यानं बायला अडवलं असं आम्ही समजत होतो, तो निघाला तिच्या बाजूचा, आणि आता त्याचीच दोरी करून ही माणसं तिला परत दावणीला बांधत होती.

बाय त्या पोरीकडे बघत होती. गेलं वर्षभर तिनं तिला काय काय शिव्या घातल्या होत्या, त्या मी ऐकल्या आहेत. इथं लिहिण्याजोग्या नाहीत.

"पाटील," बाय म्हणाली, "मी गेली तर हिचं काय?"

पाटील चाचरले. "कायद्यानं ती कोनीच न्हाय त्याची."

"हिला ठावं होतं?"

त्या पोरीला ते तिथेच, आमच्या सगळ्यांच्या देखत कळलं. तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो देवळाच्या कळसाकडे बघत होता.

बायनं पदर खोचला, हीर उचलला आणि एक टोक त्याच्यापुढं धरलं. भर पंचांत नवऱ्याला अरेतुरे करून म्हणाली, "धर."

"अगं, मी माफी..."

"तुझी माफी ठेव तुझ्याजवळ. धर, न्हायतर मी अशीच अलिबागला जाते आनि फौजदाराला सांगते यानं दोन बायका केल्या. दिल्लीचा कायदा तुला समजलाय म्हनतोस ना? मग धर!"

त्यानं टोक धरलं. हात थरथरत होता, त्याचाही आणि पाटलांचाही. पाटलांनी मोडायच्या आधीच, त्या थरथरण्यानं, काडी मोडली. मोडली ती मोडलीच. पंचांनी एकमेकांकडे बघून होकाराच्या माना हलवल्या.

बाय म्हणाली, "आता मी याची न्हाय. आता कायद्याला अडचन न्हाय. हिला पुढं घ्या आनि हिचं लगीन नीट लावा, चारचौघांत. ते नारळ-लुगडं हिला द्या."

मला बायचा एवढा अभिमान वाटला की मी रडायलाच लागले. म्हटलं, संपलं, गोड झालं. नवऱ्यानंही सुटकेचा श्वास टाकला आणि लुगडं उचलून त्या पोरीकडे वळला.

ती दोन पावलं मागं सरली.

"कायद्यानं मी याची कोनीच न्हाय ना?" तिनं पाटलांना विचारलं. आम्ही तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होतो. बारीक होता, पण अडखळत नव्हता.

"आता लगीन लावलं की..." पाटील म्हणाले.

"आता न्हाय ना? ह्या घडीला?"

"ह्या घडीला न्हाय."

"मग मना काडीबी लागत न्हाय," ती म्हणाली, आणि पोट सावरत चालू लागली.

नवरा लुगडं हातात धरून तसाच उभा. बायनं आपल्या हातातला तुकडा समुद्रात भिरकावला आणि तिच्या मागून धावली. त्या पोरीच्या बापाचं घर लांब, आणि बाप परत घेईल की नाही हे तिलाच माहीत नव्हतं. बायनं तिचा हात धरला आणि दोघी आमच्या घराच्या वाटेला लागल्या. मागून आम्ही.

दारात आल्यावर बाबांचं डोकं चालेनासं झालं. ते एकदा बायकडे बघत होते, एकदा त्या पोरीच्या पोटाकडे. "बायचं ठीक हाय," ते म्हणाले. "पन हिला ठेवायची कशी? आनि हे पोर जनमलं तर कोनाचं? मी उद्या वकिलाला जाऊन विचारतो, हे कुठल्या यादीत बसतंय ते."

आई चुलीपाशी होती. रिवाजाप्रमाणे बायसाठी तिनं भात केला होता, काडी मोडून आलेल्या लेकीला घालायचा तो. तिनं एक ताट काढलं होतं. बाबांकडे न बघता तिनं फळीवरचं दुसरं ताट खाली घेतलं.

"चुलीत घाला तुमची ती यादी," ती म्हणाली. "पोरी उपाशी हायेत. भात वाढू द्या."